बिवा तळ्यावर सोडलेला मासा

क्योतोला लोक देवळं बघायला जातात. आम्ही क्योतोला नुसती गाडी बदलली आणि एकही देऊळ न बघता पुढे गेलो. हे सांगितल्यावर टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आमच्या मराठी मंडळींनी तोंडं अशी केली, की जणू आम्ही लग्नाला जाऊन न जेवता परत आलो. म्हणून आधीच सांगून टाकते. हा प्रवास देवळांसाठी नव्हता आणि लाल पानांसाठीही नव्हता. माझ्या बाबांनी पुन्हा एकदा गळ हातात धरावा, एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही टोकियोहून बिवा तळ्यावर गेलो होतो.

बाबा दाभोळ खाडीच्या काठचे. नोकरी पोस्टात, निवृत्त झाले ते पोस्टमास्तर म्हणून. पण गावात कुणालाही विचारलं तर 'गरवणारे मास्तर', म्हणजे गळानं मासे धरणारे, हीच त्यांची ओळख. सुट्टीच्या दिवशी भरतीची वेळ बघून धक्क्यावर जाऊन बसायचे आणि संध्याकाळच्या कालवणाची सोय करूनच उठायचे. मग आई गेली, आणि बाबांनी गळ, दोऱ्या, टोपली सगळं माळ्यावर टाकलं. शेजारी बोलवायला आले, मामेभाऊ होडी घेऊन दारात उभा राहिला. बाबा नाही म्हणजे नाही. मी फोनवर विचारलं की म्हणत, "हल्ली नको वाटतं गो बाय." असं दीड वर्ष चाललं.

शेवटी मी त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे घेऊन आले. इकडे येऊन त्यांनी एकच गोष्ट मनापासून केली, ती म्हणजे कचरा. जळणारा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या वारी, बाटल्या कधी, पुठ्ठे कधी, हे सगळं त्यांनी दोन दिवसांत पाठ केलं. दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून, दोरीनं बांधून ठेवत. माझ्या नवऱ्यानं एकदा दह्याचा डबा न धुता टाकला, तर तो त्यांनी बाहेर काढून त्याच्यासमोर धुतला. आमची दहा वर्षांची इरा त्यांना "ओजीचान, सुगोई!" म्हणायची, म्हणजे आजोबा, भारीच! पण कचरा झाला की उरलेला दिवस खिडकीत. आमच्या दहाव्या मजल्यावरून नदी दिसते आणि नदीकाठी गळ टाकून बसलेली म्हातारी माणसं दिसतात. बाबा खिडकीकडे पाठ करून बसायचे.

तेव्हा मला नीशिमुरा-सान आठवले.

नीशिमुरा-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी') आमच्या बँकेत माझ्या समोरच्या टेबलावर होते. मोठ्या भूकंपाच्या दिवशी सगळ्या गाड्या बंद पडल्या, तेव्हा ते ऑफिसातून निशी-कसाईपर्यंत माझ्याबरोबर चालत आले होते. इरा पाळणाघरात होती आणि फोन लागत नव्हता, मी अर्धी वेडी झाले होते. तीन तासांत ते फार काही बोलले नाहीत, फक्त दर पुलापाशी म्हणत, "सावंत-सान, आता चारच पूल राहिले." मग "तीनच." त्यांचं स्वतःचं घर भलत्याच दिशेला होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आईनं हे ऐकलं आणि तेव्हापासून गावाहून येणाऱ्या प्रत्येक पुडक्यात 'नीशिमुरांसाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या खोबऱ्याच्या वड्या यायला लागल्या. पुढे ते निवृत्त होऊन बायकोसह बिवा तळ्याकाठी आपल्या गावी राहायला गेले आणि बास नावाचा मासा पकडायला लागले. दर वर्षीच्या नववर्षाच्या कार्डावर त्यांचा आणि एखाद्या माशाचा फोटो असतो. दोघेही सारखेच गंभीर दिसतात.

मी त्यांना सगळं लिहिलं. उत्तर त्याच दिवशी आलं. "ओतोसानना अवश्य घेऊन या. लाइफ जॅकेटसाठी कृपया छातीचं माप कळवावं." ओतोसान म्हणजे बाबा, इथे दुसऱ्याच्या वडिलांनाही तसंच म्हणतात.

बाबांना मात्र मी माशाचं काही सांगितलं नाही. म्हटलं, "आईला नीशिमुरांना एकदा भेटून हात जोडायचे होते. राहूनच गेलं." हे खोटंही नव्हतं. बाबा लगेच उठले आणि बॅग भरायला लागले.

शुक्रवार, काताता

क्योतोहून वीस मिनिटांवर काताता नावाचं स्टेशन आहे. नीशिमुरा-सान फाटकापाशी ताठ उभे होते. बाबांनी हात जोडले, ते कमरेत वाकले. बाबांना वाटलं, हा माणूस अजून वाकलेला आहे तर आपण हात कसे खाली घ्यायचे. त्यांना वाटलं, पाहुण्यांचे हात जोडलेले आहेत तर आपण सरळ कसं व्हायचं. लोक वळसा घालून जात होते. शेवटी मीच "चला" म्हटलं.

घर तळ्यापासून दहा पावलांवर. बिवाला तळं म्हणणं म्हणजे गंमतच आहे. पलीकडचा काठ धूसर दिसतो आणि लाटा येतात. बाबांनी चपला काढायच्या आधी तळ्याकडे बघितलं, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि म्हणाले, "गोडं आहे." एवढं मोठं पाणी आणि खारट नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला.

रात्रीच्या जेवणात काझुको-सान, म्हणजे नीशिमुरांच्या पत्नी, यांनी एका छोट्या बशीत पातळ काप मांडून आणले. फुना नावाचा तळ्यातला मासा मिठात मुरवून, मग भातात दाबून वर्षभर आंबवलेला. वास असा, की मी श्वास धरला. इथल्या तरुण मुलांनाही तो सोसत नाही. नीशिमुरा-सान घाईनं म्हणाले, "ओतोसान, नाही आवडलं तर मुळीच खाऊ नका."

बाबांनी काप तोंडात टाकला. चावला. डोळे मिटले.

"काय आहे?" मी विचारलं.

"खारवलेला बांगडा शिकून साहेब झाला तर असा लागेल," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसरा काप उचलला.

मी भाषांतर केल्यावर काझुको-सान तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या, की त्यांना उठून जावं लागलं. परत आल्या त्या आख्खा मासा घेऊनच. मग त्या सांगायला लागल्या. ही त्यांच्या आईची कृती. लाकडी पिंपंही आईचीच. पण हल्ली फुना मिळतोच कुठे? बाहेरून आणून सोडलेला बास तळ्यात माजला आहे, तो फुनाची पिल्लं खातो. म्हणून इथे असा कायदा आहे, की पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. काठाकाठानं पेट्या ठेवल्या आहेत, त्यांत टाकायचा.

बाबा तेव्हा काटे काढण्यात गुंग होते. मी त्यांना एवढंच सांगितलं, "पकडलेले मासे इथे पेटीत जमा करतात, बाबा." सोडायला बंदी आहे हे मी सांगितलंच नाही. म्हटलं, हाती आलेला मासा पाण्यात सोडायला कोण बसलंय? आपल्याच घरचं मी विसरले. ही चूक माझी, तेव्हा ती इथेच कबूल करते.

जेवणानंतर नीशिमुरा-साननी त्यांची पेटी आणली. पाच कप्पे, प्रत्येक खणावर बारीक अक्षरात चिठ्ठी. आत लूर. म्हणजे नकली आमिषं: रबरी किडे, लाकडी मासे, प्लास्टिकचे बेडूक, पिसं लावलेली पाती. बाबा वाकून बघायला लागले, बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाकून बघायला लागले.

"पाणी स्वच्छ आणि वर ऊन असेल," नीशिमुरा-सान एकेक काढत सांगू लागले, "तर हा. बारीक, अंगातून पलीकडचं दिसेल असा, माशाला खरा वाटेल असा. तेव्हा बास नीट बघतो आणि संशय घेतो. पहाटे पाणी शांत असेल तर हा तरंगणारा बेडूक. पाणगवतावरून ओढला तरी अडकत नाही. वारा असेल, लाटा असतील, तर हे फिरणारं पातं. चमकतं आणि थरथरतं. थंडी वाढली की मासा आळसावतो, मग लूरही सावकाश ओढायचा."

बाबांनी एक रबरी किडा नाकाशी नेला. "सगळं ठीक आहे, नीशिमुरासाहेब. पण वास कुठाय?"

"वास नाही. रूप आहे आणि आवाज आहे."

"मग गढूळ पाण्यात?"

"आवाज."

बाबांनी किडा परत खणात ठेवला, बरोबर ज्या खणातला त्याच खणात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे खातं तिच्याकडे होतं."

मला एकदम कळलं नाही. मग लख्ख आठवलं. मागच्या दारात उभी राहून खाडीकडे बघणारी आई. "आज आरशासारखं आहे. जिवंत कोळंबी लावा आणि दोरा बारीक घ्या." किंवा "आज नुसता चिखल आहे. सुकट कुटून पिठात मळून देते. गढूळ पाण्यात मासा डोळे मिटून जेवतो." स्वतः तिनं आयुष्यात कधी गळ टाकला नाही. पण डब्यात काय जाणार ते तीच ठरवायची, आणि निघताना एकच अट घालायची: दिवसाचा पहिला मासा परत पाण्यात. "खाडीला कळू दे आपण हावरे नाही." बाबांनी कधी वाद घातला नाही.

"मी आपला दोरा टाकायचो, बाय," बाबा म्हणाले. "काय लावायचं ते मला कुठे ठाऊक?"

दीड वर्ष मी त्यांच्यामागे लागले होते की मन रमवा, बाहेर पडा. त्यांना गळ धरायचा नव्हता असं नाही. गळाला काय लावावं हे सांगणारं माणूस गेलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. नीशिमुरा-साननी चहा ओतला आणि पेटी उघडीच ठेवली.

शनिवार, तळ्यात

सकाळी साडेपाचला होडीत. लाइफ जॅकेट अगदी बाबांच्या मापाचं होतं, पण बाबा ते घालायला तयार नव्हते. "खाडीत साठ वर्षं कुणी घातलंय?" पण नियम आहे म्हटल्यावर बंद आवळले. पोस्टमास्तरला नियम म्हटलं की पुढे बोलावं लागत नाही.

पाणी काचेसारखं होतं. खाली पाणगवत हलताना दिसत होतं. समोरच्या काठावरच्या डोंगरामागून सूर्य वर येत होता आणि मला वाटलं, मासा मिळो न मिळो, इथवर आलो ते बरं झालं. नीशिमुरा-साननी बेडूक टाकला. तो गवतावरून टुणटुणत आला. एकदा त्याच्यामागे पाणी फुगलं आणि फुटलं, पण मासा चुकला. बाबांच्या तोंडून "अरे!" निघून गेलं.

"ओतोसान, टाकून बघता?"

"नको, नको. तुमचं चालू दे."

नीशिमुरा-सान मान हलवून पुन्हा टाकू लागले. तासाभरानं ऊन वर आलं. त्यांनी बेडूक काढून तो अंगातून पलीकडचं दिसणारा रबरी किडा बांधला आणि अचानक म्हणाले, "जरा हे धरता का? मला चहा ओतायचा आहे." बाबांनी गळाची काठी धरली. त्या माणसानं चहा इतका सावकाश ओतला, की तेवढ्यात कुणी जेवण उरकलं असतं. थर्मासचं झाकण काढलं, पुसलं, कप पुसला, कप उन्हात धरून बघितला. मी दुसरीकडे बघत बसले, कारण मला हसू आवरत नव्हतं. आणि मागून सर्रकन आवाज आला. बाबांनी लूर फेकला होता.

फेक चांगली नव्हती. माझी टोपी घेऊन गेली. टोपी बासना पसंत पडली नाही, ती आम्ही काठीनं परत मिळवली. दुसरी फेक बरी. तिसरी थेट गवताच्या कडेला. बाबांनी दोरा बोटांत धरला, जसा ते खाडीत धरतात, आणि डोळे बारीक केले. मग काठी वाकली.

पुढची दोन-तीन मिनिटं नीट सांगता येणार नाहीत. मासा पाण्याबाहेर उडाला, तोंड वासून डोकं झाडलं, पुन्हा खाली गेला. बाबा ओरडत होते, "हा आपल्या खाडीतल्या जिताड्याचा भाऊ! जिताड्याचा हिरवा भाऊ आहे हा!" नीशिमुरा-साननी जाळी लावली, माशाचा खालचा ओठ अंगठ्यात कसा धरायचा ते दाखवलं. दोन विती भरला. बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दीड वर्षात बघितलं नव्हतं. मी फोटो काढायला फोन चाचपत होते, डोळ्यांत पाणी आल्यानं मला तो दिसेना.

बाबांनी माशाच्या डोक्यावर बोट टेकवलं, ओठांनी काहीतरी पुटपुटले आणि वाकून त्याला पाण्यात सोडून दिलं.

"आ..." नीशिमुरा-सान म्हणाले.

मासा शेपटी मारून गेला. बाबा समाधानानं हात धूत होते. मग त्यांनी नीशिमुरांचा चेहरा बघितला, मग माझा.

"काय झालं गो?"

मी सांगितलं. सगळं, काल जे सांगायचं राहिलं होतं तेसुद्धा. नीशिमुरा-सान मध्ये मध्ये "नाही, नाही, चूक माझी" म्हणत होते, मी "चूक माझी" म्हणत होते. बाबा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"शिक्षा काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," नीशिमुरा-सान म्हणाले. "दंडसुद्धा नाही."

"काहीच नाही?"

"म्हणूनच तर सगळे पाळतात."

यापेक्षा दंड झाला असता तर बरं, असं बाबांना वाटलं असणार. ज्या माणसानं दुसऱ्याचा दह्याचा डबा धुतला, त्यानं काल ज्या घरचं खाल्लं त्याच घरच्या फुनाचा वैरी स्वतःच्या हातानं तळ्यात सोडला होता. ते लाइफ जॅकेटच्या बंदाशी चाळा करत राहिले. मला वाटलं, झालं. एवढ्या खटपटीनं हातात आलेली काठी आता कायमची माळ्यावर जाणार.

पण बाबा म्हणाले, "सांग त्यांना. एक मी सोडला. एक मी काढून देणार. उद्या दुपारच्या गाडीच्या आत."

आणि त्यांनी लगेच पुन्हा काठी मागितली. पण तेवढ्यात दक्षिणेकडून ढग आले. कुठेतरी समुद्रावरून निघून गेलेल्या वादळाचं शेपूट आमच्यावरून जाणार होतं. आम्ही किनारा गाठला आणि पाऊस सुरू झाला.

घरी गेल्यावर बाबांनी स्वतः काझुको-सानसमोर बसून, जमिनीला कपाळ टेकेल इतकं वाकून माफी मागितली. मी भाषांतर करत होते: पहिला मासा परत, ही पत्नीची अट होती. काझुको-सान ऐकून घेऊन म्हणाल्या, "बायकोनं सांगितलं होतं म्हणता, मग तुम्ही तरी काय करणार?" क्षणभर थांबून पुढे म्हणाल्या, "पिल्लं मात्र तो खाणार." आणि बाबांपुढे गरम भात ठेवला. मला त्यांचा हा खरेपणा फार आवडला. आपल्याकडे "जाऊ द्या हो, काही नाही झालं" म्हटलं असतं, आणि बाबांना ते जास्त लागलं असतं.

पाऊस दिवसभर कोसळत राहिला. दुपारी मी जरा आडवी झाले. उठले तर बाबा आणि नीशिमुरा-सान दोघेही दिसेनात, आणि न्हाणीघरातून खळखळ ऐकू येत होती. दार उघडलं. जपानी घरात आंघोळीचा हौद असतो, गळ्याइतक्या पाण्यात बसण्याचा. त्या हौदाच्या दोन टोकांना दोन म्हातारे विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते आणि पाण्यातून लूर ओढत होते. बाबा डोळे मिटून कान पाण्याशी नेत. मान हलवत. "नाही. हा कुजबुजतो. पुढचा." नीशिमुरा-सान पुढचा देत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि माझी गरजही नव्हती. मी दार हळूच लावून घेतलं.

रविवार, ओढ्याच्या तोंडाशी

सकाळी पाऊस थांबला होता, पण तळं ओळखू येत नव्हतं. कालच्या काचेचा आज चहा झाला होता. लाटा होत्या, म्हणून होडी काढायची नाही असं ठरलं. बाबा काठावर उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, आणि पाण्याकडे बघत राहिले. आई तशीच उभी राहायची.

नीशिमुरा-साननी त्यांची वही उघडली. दर खेपेला वारा कुठला, पाणी कसं, लूर कुठला, मासा किती, हे ते लिहून ठेवतात. "अशा पाण्यात माझा अनुभव पिवळ्या रंगाचा आहे," ते म्हणाले. "पिवळा दिसतो."

"दिसतो, पण कुणाला?" बाबा म्हणाले. "ह्यात मासा स्वतःची शेपटी बघू शकत नाही." त्यांनी पेटीतून एक काळा लूर काढला. त्याच्या डोक्यावर दोन पाती होती, आणि ओढला की ती एकमेकांवर आपटत फिरायची. हौदात सगळ्यात जास्त दंगा ह्यानंच केला होता. "गढूळ पाण्यात मासा डोळे मिटून जेवतो. सुकटीचा वास नाही तर निदान ताट तरी वाजलं पाहिजे."

पहिलं वाक्य आईचं, हे मी भाषांतर करताना सांगितलं. नीशिमुरा-साननी वही मिटली आणि काळा लूर बांधून दिला.

जागाही बाबांनीच निवडली. एक ओढा तळ्याला मिळतो तिथे ओढ्याचं पाणी वेगळ्या रंगाचं, आणि दोन रंगांची सरळ रेघ दिसत होती. "खाडीच्या तोंडाशी अशीच रेघ पडते," ते म्हणाले. त्या रेघेवरून त्यांनी लूर फिरवायला सुरुवात केली. सात वाजले, आठ वाजले. नुसतं पाणी. एकदा गवत आलं, एकदा कुणाचा तरी हातमोजा. तो बाबांनी पिळून वेगळ्या पिशवीत ठेवला. तो जळणारा की न जळणारा, हे त्यांना नंतर विचारायचं होतं. अकरा वाजले. माझं लक्ष घड्याळाकडे. काझुको-सान छत्री घेऊन आल्या, भाताचे गोळे घेऊन आल्या, आणि जरा लांब उभ्या राहिल्या. पिवळा लूर नीशिमुरा-सानच्या खिशात होता हे मला दिसत होतं, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही.

"बाबा, अर्ध्या तासात निघायला हवं."

"ओढतोय मी जोरात," बाबा म्हणाले, मला नव्हे, स्वतःलाच. "जेवणारा आंधळा आहे. त्याला वेळ द्यायला नको?" आणि त्यांनी लूर सावकाश ओढायला घेतला. इतका सावकाश, की पाती जेमतेम फिरत होती, टक, टक, टक.

काठी वाकली तेव्हा कुणी ओरडलं नाही. बाबांनी मासा काठाशी आणला. नीशिमुरा-सान चिखलात गुडघ्यावर बसले आणि त्यांनी ओठ धरून तो वर उचलला. बाबांनी वितीनं मोजला. दोन विती आणि वर चार बोटं.

पेटी पन्नास पावलांवर होती. बाबा मासा घेऊन तिथवर गेले आणि झाकणापाशी थांबले. आम्ही तिघं मागे उभे. मला कळत होतं ते का थांबलेत. हा आजचा पहिला मासा होता. आयुष्यात त्यांनी दिवसाचा पहिला मासा ठेवून घेतलेला नव्हता, आणि ज्या बाईनं ती अट घातली ती आता सूट द्यायला नव्हती.

"आई काही बोलणार नाही, बाबा," मी म्हटलं.

"बोलेल कशाला?" बाबा म्हणाले. "हा आजचा नाहीच. हा कालचा आहे." त्यांनी मासा पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि हात जोडले. शेजारी नीशिमुरा-सान आणि काझुको-सान कमरेत वाकले. या वेळी कुणी आधी सरळ व्हायचं यावरून घोळ झाला नाही, कारण बाबाच वळून म्हणाले, "चला, गाडी चुकेल."

स्टेशनवर नीशिमुरा-साननी तो काळा लूर कागदात बांधून बाबांच्या हातात ठेवला. वहीत काय लिहिलंत, असं मी विचारलं. त्यांनी पान दाखवलं. पाणी गढूळ, वारा दक्षिणेचा, लूर काळा. आणि शेरा म्हणून खाली, 'दाभोळच्या ओकासानच्या सल्ल्यानं'. ओकासान म्हणजे आई. मी ते बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी नीशिमुरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही.

निशी-कसाई

बाबा परत गावी गेले त्याला आता बरेच महिने झाले. काळा लूर त्यांनी खाडीत दोन-तीनदा टाकून पाहिला. दाभोळच्या माशांनी ढुंकूनही बघितलं नाही. आता तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. माळ्यावरची टोपली खाली आली की नाही, हे विचारायचं मी टाळत होते.

परवा संध्याकाळी ऑफिसातून तोझाई लाइनच्या मेट्रोनं घरी येत होते. इथे गाडीत फोनवर बोलत नाहीत, त्यामुळे अख्खा डबा भरलेला आणि चिडीचूप. फोन थरथरला. बाबांनी फोटो पाठवला होता. फोटोत माणूस नाही, होडी नाही. धक्क्यावरून काढलेलं नुसतं पाणी, आणि बाबांच्या चपलेचं टोक. खाली लिहिलं होतं, "पाणी आज हे असं आहे. काय लावू?"

मी आयुष्यात कधी गळाला आमिष लावलेलं नाही. गर्दीत उभ्या उभ्या मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. पाणी तपकिरी होतं, तळ दिसत नव्हता. आईच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. मग लिहिलं, "सुकट कुटून पिठात मळा. घाई करू नका. आणि पहिला परत."

निशी-कसाई आलं. मी उतरले, भाजी घेतली, घरी जाऊन भात लावला. कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा उत्तर आलं. एकच शब्द होता.

"सोडला."